भाजीपाल्यातील तणनाशके: कुठपर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर

तणनाशकांविषयीची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना जाऊन अडते. एका बाजूचे म्हणणे असे की, ज्या शेतात विष फवारले जाते त्या शेतातले अन्न खाण्याजोगे राहतच नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर त्यांची मजुरी झेपत नाही, तेव्हा तणनाशकाला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा दिवसभर खुरपे हाती धरून पाहावे. दोन्हीत तथ्य आहे. मात्र दोन्ही बाजू बोलतात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर गव्हाचे, मक्याचे किंवा सोयाबीनचे सलग शेत असते, जिथे नजर पोहोचेल तिथवर एकच पीक उभे आहे. भाजीपाल्याचे शेत तसे नसते. एकाच तुकड्यात वर्षभरात दोन-तीन पिके येतात, बांधापलीकडच्या वाफ्यात वेगळ्याच कुळातले पीक असते, आणि पालेभाज्यांच्या बाबतीत तर ज्या पानावर फवारा पडू शकतो तेच पान खुडून खाल्ले जाते. त्यामुळे धान्यपिकांच्या अनुभवावरून काढलेले निष्कर्ष, मग ते तणनाशकांच्या बाजूचे असोत वा विरुद्ध, भाजीपाल्याला जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे.

माझे मत असे आहे की भाजीपाल्यात तणनाशकांना जागा आहे, पण ती अरुंद आहे: सावकाश वाढणाऱ्या पिकांत, सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरती, आणि शक्यतो पिकाच्या पानावर न पडता मातीच्या वरच्या थरात काम करणारी. ही जागा कोणत्या पिकात कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवण्याचे काम आज बहुतांशी विक्रेत्याच्या सल्ल्यावर आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर सोडलेले आहे. खरी तक्रार तिथे असायला हवी.

आधी तणांचे पाहू. सर्व भाज्यांना तणांचा त्रास सारखा नसतो. टोमॅटो, वांगी किंवा कोबी यांची रोपे तयार करून लावली, तर त्यांना तणांवर दोन-तीन आठवड्यांची आघाडी मिळते. पहिले चार ते सहा आठवडे शेत स्वच्छ राखले की पुढे पीकच जमीन झाकते आणि सावलीत उगवणारे तण फारसे नुकसान करू शकत नाही. कांद्याचे तसे नाही. त्याचे पान नळीसारखे आणि उभे, त्यामुळे जमिनीवर सावली अशी पडतच नाही. मुळे उथळ, वाढ संथ. पेरलेला कांदा दोन पानांवर येईपर्यंत माठाचे किंवा घोळीचे रोप त्याच्या दुप्पट पसरलेले असते. गाजराचे बी उगवायलाच दहा-पंधरा दिवस घेते, आणि उगवल्यावर त्याची पाने इतकी नाजूक असतात की शेजारचे तण उपटताना गाजराचे रोपही हाती येते. म्हणजे ज्या काळात निंदणीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच काळात ती सर्वांत कठीण आणि पिकाला सर्वांत धोक्याची असते. कांदा, लसूण आणि गाजर यांच्या बाबतीत तणनाशकाचा आग्रह धरणारा शेतकरी आळशी आहे, असे म्हणणाऱ्याने या पिकांची पहिली चाळीस दिवसांची अवस्था जवळून पाहिलेली नसते.

हाताने होणाऱ्या खुरपणीला निसर्गाशी मैत्रीचे काम म्हणून गौरवण्याची एक पद्धत पडली आहे. ते काम करणाऱ्यांच्या पाठीला, गुडघ्यांना आणि मनगटांना विचारल्यास वेगळे उत्तर मिळेल. कॅलिफोर्नियातील लेट्यूस आणि बीटच्या शेतांत विरळणीसाठी व खुरपणीसाठी मजुरांना अगदी आखूड दांड्याचे कुदळीसारखे अवजार दिले जाई. ‘एल कोर्तितो’ या नावाने ते ओळखले जात असे. दिवसभर कमरेतून वाकून काम केल्याने मजुरांच्या पाठीचे मणके कायमचे बिघडत. लांब दांड्याने काम नीट होणार नाही, पिकाची हानी होईल, असा मळेवाल्यांचा दावा होता. अखेर १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या अवजारावर बंदी आली. पुढे २००४ मध्ये त्याच राज्याने वाकून हाताने तण उपटण्याच्या कामावरही निर्बंध घातले, पण सेंद्रिय शेतीला त्यातून सूट दिली. ज्या शेतीच्या मालाला अधिक नैतिक मानून ग्राहक अधिक पैसे मोजतो, तिथल्याच मजुराच्या पाठीला हे संरक्षण मिळू नये, यातला विरोध डोळ्यांआड करण्यासारखा नाही. तणनाशक नको म्हणणाऱ्याने त्याऐवजी कोणाचे शरीर वापरले जाणार, याचे उत्तर द्यायला हवे. जगाच्या मोठ्या भागात ते शरीर बाईचे असते, हेही लक्षात ठेवायला हवे. उलट, तणनाशक आले की याच बायकांची हक्काची मजुरी जाते, हेही तितकेच खरे. तो प्रश्न रोजगाराचा आहे आणि तो सोडवण्यासाठी माणसांना वाकवत ठेवणे हा मार्ग असू शकत नाही.

इथवरचे विवेचन तणनाशकांच्या बाजूचे वाटेल. परंतु आता ती नेमकी काय करतात हे पाहावे लागेल, कारण ‘तणनाशक’ या एकाच शब्दाखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेली रसायने मोडतात.

पेंडिमिथॅलिनचे उदाहरण घेऊ, कारण अनेक भाज्यांच्या शिफारशींत ते आढळते. हे पिवळसर द्रव्य पाण्यात फार थोडे विरघळते आणि मातीच्या कणांना, विशेषतः सेंद्रिय पदार्थांना, घट्ट चिकटते. त्यामुळे ते फवारल्यावर जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातच राहते. त्या थरात जे बारीक बी रुजते, त्याच्या कोवळ्या मुळातील पेशींचे विभाजन थांबते आणि तण मातीबाहेर येण्याआधीच किंवा आल्याबरोबर मरते. उगवून वर आलेल्या तणावर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. पिकाचे बी किंवा रोपाची मुळे या थराच्या खाली असतील, तर ती बरीचशी वाचतात. हे सगळे जुळून येण्यासाठी जमीन भुसभुशीत व ढेकळे फोडलेली हवी, फवारताना वाफसा हवा किंवा लगेच हलके पाणी मिळायला हवे, आणि मात्रा जमिनीच्या पोतानुसार ठरायला हवी. भारी, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध जमिनीत जी मात्रा पुरत नाही, तीच हलक्या वाळूसर जमिनीत पिकालाही जाळू शकते. थोडक्यात, हे औषध म्हणजे एक पातळ पडदा आहे, आणि फवारणीनंतर कोळपणी करून तो फाडला की त्याचा उपयोग संपतो. ज्याला हे माहीत नाही, तो गुडघाभर तणावर ते फवारतो, तण मरत नाही म्हणून दुसऱ्यांदा दुप्पट मात्रेने फवारतो आणि औषधात भेसळ असल्याची तक्रार करतो.

मेट्रिब्युझिनची गोष्ट निराळी. ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, वाळूसर जमिनीत मुसळधार पावसाने खाली मुळांपर्यंत जाते आणि वनस्पतीचे प्रकाशसंश्लेषण बंद पाडते. टोमॅटो आणि बटाटा त्याला सोसतात, कारण त्यांच्या पेशी त्या रसायनाचे रूपांतर करून त्याला निरुपद्रवी बनवतात. पण ही सहनशक्तीही रोपाच्या प्रकृतीवर अवलंबून असते: सलग काही दिवस ढगाळ हवामान राहून रोपे कोवळी झालेली असताना फवारले, तर टोमॅटोची पानेही करपतात. कांदा मात्र या रसायनाला अतिशय हळवा आहे. आता ज्या तुकड्यात बटाटा काढून लगेच कांदा लावायचा आहे, तिथे बटाट्यातले मेट्रिब्युझिन पुढच्या पिकाच्या मुळाशी वाट पाहत राहू शकते. धान्याच्या शेतात वर्षाकाठी एखादे पीक असते, तेव्हा या उरलेल्या अंशाला विघटन होण्यास अवधी मिळतो. भाजीपाल्यात तो अवधी नसतो, आणि तणनाशकांच्या बाबतीत भाजीपाला वेगळा का मानायचा याचे माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे.

दुसरे कारण शेजाराचे. २,४-डी हे दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेले तणनाशक गवतवर्गीय पिकांतील रुंद पानांच्या तणांसाठी आहे; बहुतेक भाज्या रुंद पानांच्याच असल्याने ती त्याच्या दृष्टीने तणेच ठरतात. त्याचे एस्टर हे रासायनिक स्वरूप उष्ण हवेत वाफ होऊन बरेच लांब जाते. टोमॅटो आणि भेंडीसारख्या पिकांवर त्याचा लवलेश पडला, तरी नवी पाने पिळवटतात, अरुंद होतात, शेंडा वाकडा होतो. अनेकदा शेतकरी त्याला विषाणूजन्य रोग समजून कीडनाशके फवारत बसतो. हेच रसायन पंपाच्या टाकीत, नळीत आणि नोझलमध्ये साचून राहते. मक्यात तणनाशक फवारलेला पंप पाण्याने खळखळून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच टोमॅटोवर बुरशीनाशक मारले, एवढ्यानेही पीक हातचे जाते. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवावा, हा सल्ला प्रत्येक माहितीपत्रकात छापलेला असतो. वेगळा पंप ज्याला परवडत नाही त्याने काय करावे, हे मात्र कुठेच छापलेले नसते.

तणनाशक स्वतः न वापरणाराही यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली अनेक परसबागांतील टोमॅटो, बटाटे आणि घेवड्याची पाने विचित्र आकाराची येऊ लागली. कारण शोधता असे आढळले की कुरणांवर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक फवारले गेले होते, ते गवत जनावरांनी खाल्ले, त्यांच्या पोटातून ते जसेच्या तसे शेणात उतरले आणि शेणखताबरोबर बागांत पोहोचले. त्या उत्पादनांची विक्री त्या वर्षी थांबवावी लागली आणि पुढे अधिक कडक अटींवर ती पुन्हा सुरू झाली. शेणखत वापरणारा भाजी उत्पादक रसायनांपासून दूर राहण्याचा प्रयत्न करत असताना त्याचेच नुकसान व्हावे, याला नियमनातील त्रुटी म्हणावे लागेल.

आता त्या प्रश्नाकडे वळतो ज्याची चर्चा फार कमी होते. तणनाशक एखाद्या पिकासाठी विकायचे तर त्या पिकावर त्याची चाचणी करावी लागते, पिकात किती अंश उरतो हे मोजावे लागते आणि मग त्या पिकाचे नाव लेबलवर येते. हा खर्च कंपनी मका, भात, सोयाबीन अशा पिकांसाठी आनंदाने करते, कारण तिथे लाखो हेक्टरांची बाजारपेठ असते. पालक, कोथिंबीर, मुळा, दोडका किंवा कारली यांच्यासाठी तो करण्यात तिला स्वारस्य नसते. क्षेत्र लहान, विक्री थोडी आणि पीक महागडे; त्यात तणनाशकाने पीक गेले तर भरपाईचा दावा औषधाच्या विक्रीहून मोठा होण्याची भीती. परिणामी, ज्या भाज्यांना नेमक्या शिफारशीची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठीच लेबल क्लेम, म्हणजे लेबलवर त्या पिकाची अधिकृत नोंद, नसतो, आणि शेतकरी दुसऱ्या पिकाच्या औषधावर अंदाजाने मात्रा ठरवून प्रयोग करतो. असा माल तपासणीत पकडला जातो तो याच कारणाने: युरोपीय संघात ज्या पिकासाठी एखाद्या रसायनाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरवलेली नाही, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते, जी बहुधा मोजमापाच्या क्षमतेच्या काठावरची असते.

अमेरिकेने या कोंडीवर १९६३ मध्ये एक मार्ग काढला. आयआर-४ नावाच्या कार्यक्रमाखाली सरकारी निधीतून कृषी विद्यापीठे भाजीपाला, फळे आणि इतर लहान पिकांवरील औषधांच्या चाचण्या करतात आणि नोंदणीसाठी लागणारी आकडेवारी तयार करून देतात. या व्यवस्थेवर आक्षेप घेता येतो, की खासगी कंपनीच्या औषधाची चाचणी सार्वजनिक पैशाने का करावी. आक्षेप गंभीर आहे, तरी मला तो पटत नाही. चाचणी झाली नाही म्हणून वापर थांबत नाही. तो फक्त अंधारात होतो. सार्वजनिक पैशाने केलेल्या चाचणीतून ‘हे औषध या पिकात वापरू नये’ असाही निष्कर्ष निघू शकतो, आणि तो निष्कर्ष कंपनी स्वतःहून कधीच जाहीर करणार नाही.

आरोग्याच्या प्रश्नावर बोलताना बहुतेक लोक ताटातल्या भाजीचा विचार करतात. पेरणीच्या वेळी मातीवर फवारलेल्या तणनाशकाचा काढणीच्या भाजीत उरणारा अंश, शिफारस पाळली असेल तर, सहसा फार थोडा असतो. धोका मुख्यतः फवारणाऱ्याला आणि फवारलेल्या शेतात नंतर काम करणाऱ्याला असतो. डीसीपीए या तणनाशकाचा इतिहास यासाठी मुळातून पाहण्यासारखा आहे. १९५८ पासून अमेरिकेत ते कोबी, ब्रोकोली, कांदा अशा पिकांत वापरात होते. युरोपीय संघाने २००९ मध्ये ते बंद केले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये उत्पादकाकडे अधिक माहिती मागितली. थायरॉइडवरील परिणामाचा महत्त्वाचा अभ्यास हाती आला तो २०२२ मध्ये. त्यातून असे दिसले की गरोदर मजूर स्त्री या रसायनाच्या संपर्कात आली, तर पोटातल्या बाळाच्या थायरॉइड संप्रेरकांवर परिणाम होऊ शकतो. लेबलवर लिहिले होते की फवारणीनंतर बारा तास शेतात जाऊ नये. संस्थेच्या मूल्यमापनात अनेक पिकांत आणि कामांत पंचवीस दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ धोका टिकून असल्याचे आढळले. ऑगस्ट २०२४ मध्ये तातडीचा आदेश काढून त्याचा वापर थांबवण्यात आला, आणि असा आदेश त्या संस्थेने जवळपास चाळीस वर्षांत प्रथमच काढला होता. बारा तास आणि पंचवीस दिवस यांमधले अंतर ज्यांनी भोगले, त्या खुरपणी आणि तोडणी करणाऱ्या बायका होत्या. भाजी विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून ‘लेबल पाळा म्हणजे सुरक्षित आहात’ हे वाक्य मी अर्धेच खरे मानतो. लेबल तेवढेच जाणते, जेवढे त्या वेळेपर्यंत तपासले गेलेले असते.

ग्लायफोसेटचा वाद याच प्रकारचा, पण भाजीपाल्याच्या संदर्भात तो थोडा बाजूला पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले; युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. ते अनिवडक, म्हणजे तण आणि पीक असा भेद न करता सगळेच मारणारे, असल्याने उभ्या भाजीपिकात त्याचे काम नाहीच. असलेच तर लागवडीपूर्वी पडीक शेत साफ करण्यापुरते. ओळींच्या मध्ये पंपाला टोपी लावून फवारले जाणारे पॅराक्वाट मला त्याहून चिंतेचे वाटते. त्याचा थोडासा घोटही प्राणघातक ठरतो, त्यावर उतारा नाही, आणि २००७ पासून युरोपीय संघात त्याला मान्यता नाही. भाजीच्या दोन ओळींमध्ये कोळपे चालू शकते, तिथे असे रसायन घरात साठवून ठेवण्याचे समर्थन करता येत नाही.

एवढे करूनही तणनाशक तणांचा प्रश्न सोडवत नाही, तो पुढे ढकलते. २,४-डीला न जुमानणारी रानगाजराची झाडे १९५७ मध्येच कॅनडात नोंदवली गेली होती. आज जगात अडीचशेहून अधिक तणप्रजातींमध्ये कोणत्या ना कोणत्या तणनाशकाविरुद्ध प्रतिकार दिसतो. प्रतिकाराहूनही लवकर जाणवते ती तणांची अदलाबदल. उगवणीपूर्व औषधाने बियांची तणे कमी झाली की मोकळ्या जागेत लव्हाळा माजतो, कारण तो गाठींपासून येतो आणि त्या थराला दाद देत नाही. क्विझालोफॉपसारखी गवतनाशकेही त्याला काही करत नाहीत, कारण तो गवतासारखा दिसला तरी गवत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनालाही तो टोचून वर येतो. तीन-चार वर्षे एकाच औषधावर विसंबलेल्या वाफ्यांत शेवटी फक्त लव्हाळा उरलेला पाहिला, की या धोरणाची मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून तणनाशक असो वा खुरपणी, तिची परीक्षा याच हंगामातील उत्पन्नावर न करता जमिनीत किती बी पडले यावर करायला हवी. सहा आठवड्यांनंतर उगवलेले माठाचे झाड कोबीचे उत्पन्न घटवत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण तेच झाड हजारो बिया सोडते आणि पुढच्या कांद्याची निंदणी महाग करते. अमेरिकेतील मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी एका तणाचे बी २०२१ मध्येही उगवले. सगळी बीजे इतकी टिकत नाहीत, हे खरे. तरी तणाशी गाठ एका हंगामाची नसते, हे त्यावरून कळते. वाफे तयार करून पाणी द्यावे, आलेली पहिली तणाची लाट उथळ कुळवून किंवा ज्योतीने जाळून काढावी आणि मगच गाजर पेरावे. रोपलागणीची पिके आणि पेरणीची पिके आलटून पालटून घ्यावीत. काढणी संपताच शेत बीवर येऊ न देता मोडावे. या गोष्टी जुन्या आहेत, आणि त्यांतून कोणालाही विक्री करता येत नाही म्हणूनच त्यांचा प्रचार करणारे कोणी नाही.

ग्राहक, पर्यावरणवादी आणि शेतकरी संघटना यांनी सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक मागण्याऐवजी तीन मागण्या एकत्र केल्या, तर त्या मान्य होण्याजोग्या आहेत. प्रत्येक महत्त्वाच्या भाजीसाठी, पुढच्या पिकाला किती दिवस थांबायचे यासह, सार्वजनिक चाचण्यांवर आधारलेली शिफारस. मान्यता दिलेल्या तणनाशकांची ठरावीक मुदतीने फेरतपासणी, ज्यात फवारणीनंतर शेतात काम करणाऱ्यांच्या संपर्काचे मोजमाप असेल आणि मुदतीत माहिती न देणाऱ्या उत्पादनाची विक्री आपोआप थांबेल. आणि वाकून करायचे काम कमी करणारी लांब दांड्याची कोळपी, ओळीतले तण काढणारी छोटी यंत्रे व तणनाशकाचे स्वतंत्र पंप गावपातळीवर भाड्याने मिळण्याची सोय. तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आहे. ती पूर्ण झाली तर पहिल्या दोन मागण्यांत ज्या रसायनांवर वाद घालायचा, त्यांची यादीच बरीच आखूड होईल, आणि ज्या कंपन्या आज लहान पिकांकडे पाहत नाहीत त्यांच्या मर्जीवर भाजी उत्पादकाला अवलंबून राहावे लागणार नाही.